हात भरून, पंधरा मिनिटं : मायामीच्या स्पर्श-संस्थेची वाटचाल

काचपेटीला दोन गोल झडपा असतात. हात कोपरापर्यंत स्वच्छ धुवायचे, एकमेकांवर घासून गरम करायचे आणि त्या झडपांतून आत घालायचे. आत पालथं निजलेलं बाळ असतं बाराशे-तेराशे ग्रॅमचं, दीड किलो साखरेच्या पुड्याहूनही हलकं. नाकात नळी, छातीवर तारा. सुरुवात डोक्यापासून. माथ्यावरून मानेकडे, पुन्हा माथ्याकडे. मग मानेवरून खांद्यांवर, पाठीवरून कमरेपर्यंत, मांडीपासून पावलापर्यंत, खांद्यापासून मनगटापर्यंत. प्रत्येक जागेला एक मिनिट आणि त्या मिनिटात पाच-पाच सेकंदांचे बारा हात. अशी पाच मिनिटं झाली की बाळाला उताणं करून त्याचे हातपाय हलकेच दुमडायचे आणि सरळ करायचे, तेही पाच मिनिटं. मग पुन्हा पालथं, पुन्हा पहिल्यासारखं. एकूण पंधरा मिनिटं. असं दिवसातून तीनदा, दहा दिवस.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला यात नवल ते काय? आपल्याकडे बाळ पाचव्या-सहाव्या दिवसापासून तेलात घोळतं. पण मायामीच्या नवजात कक्षात हे चाललं तेव्हा बाजूला घड्याळ होतं, वजनाचा काटा होता आणि ज्यांना असा हात लावायचा नाही अशी तितकीच बाळं शेजारच्या पेट्यांत होती. एकंदर 40 बाळं, सरासरी 31 आठवड्यांत जन्मलेली. निम्म्यांना मालिश, निम्म्यांना नेहमीचीच शुश्रूषा. 1986 मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात निकाल छापून आला: मालिश झालेल्या बाळांची वजनवाढ दुसऱ्या गटाच्या वजनवाढीपेक्षा 47 टक्क्यांनी जास्त. दूध दोन्ही गटांनी सारखंच घेतलेलं. शिवाय मालिशवाली बाळं सरासरी सहा दिवस आधी घरी गेली आणि प्रत्येक बाळामागे इस्पितळाच्या बिलातले सुमारे तीन हजार डॉलर वाचले.

हा शेवटचा आकडा मी मुद्दाम सांगतो आहे. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला कान मिळतो तो बहुधा असल्याच आकड्यामुळे.

हे काम करणारी बाई मानसशास्त्राची, डॉक्टर नव्हे. टिफनी फील्ड. तिची स्वतःची मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली होती, त्यामुळे काचपेटीच्या बाहेर उभं राहून नुसतं बघत बसणं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. त्या काळात अशा कक्षांचा शिरस्ता एकच होता: हात लावू नका. त्यालाही कारण होतं. या बाळांना दिवसभरात जे हात लागायचे ते सुया टोचायला, नळ्या बदलायला, पायाच्या टाचेतून रक्त काढायला. हात लागला की बाळ आक्रसायचं, रक्तातला प्राणवायू खाली यायचा. तेव्हा जितकं कमी छेडाल तितकं बरं, असं डॉक्टर म्हणत आणि त्यांच्या डोळ्यांसमोरचा पुरावा तेच सांगत होता. स्पर्श वाईट नव्हे, तो स्पर्श वाईट होता. हा फरक तपासून बघायचं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं.

फील्डनं आधी छोटी गोष्ट करून पाहिली. नळीतून दूध चालू असताना बाळाच्या तोंडात नुसती चोखणी द्यायची. 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चोखणीवाल्या बाळांचं वजन बरं वाढलं. मग तिनं विचार केला की तोंडाच्या आतल्या एवढ्याशा जागेला चेतना दिल्यानं हे होत असेल, तर सगळ्या अंगाला दिली तर?

इकडे हा विचार चालू होता त्याच सुमारास नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात सॉल शॅनबर्ग उंदरांच्या पिल्लांच्या मागे लागले होते. पिल्लू आईपासून दूर केलं की त्याच्या शरीरातलं वाढीचं संप्रेरक घसरायचं, आईजवळ ठेवलं की पुन्हा चढायचं. मग आईचं नेमकं काय पिल्लाला पोसतं? दूध? ऊब? वास? एकेक गोष्ट वगळून बघितली. भूल देऊन निपचित पडलेली आई जवळ ठेवली, ऊब आणि वास दोन्ही हजर, तरी संप्रेरक वर येईना. उरलं एकच. उंदरीण पिल्लाला सतत चाटत असते. मग प्रयोगशाळेत ओला कुंचला आणला, जिभेसारखा जोरकस फिरवला, आणि आई नसतानाही पिल्लाचं रक्त पूर्ववत झालं. 1979 मधलं हे काम. कुंचला घेऊन उंदराच्या पिल्लाला तासन् तास चाटल्यासारखं करत बसलेला संशोधक डोळ्यांसमोर आणून बघा. विज्ञानातल्या मोठ्या गोष्टी बहुतेक वेळा अशाच हास्यास्पद दिसणाऱ्या बैठकीतून निघतात. शॅनबर्ग आणि फील्ड एकत्र आले आणि 1986 च्या त्या निबंधावर दोघांचीही नावं आहेत.

तरी संस्था निघायला आणखी सहा वर्षं गेली. 1992 मध्ये मायामी विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ‘टच रिसर्च इन्स्टिट्यूट’ सुरू झाली. केवळ स्पर्शाचा अभ्यास करणारं जगातलं पहिलं केंद्र म्हणून ती ओळखली जाते. सुरुवातीचा पैसा दिला जॉन्सन अँड जॉन्सननं. बाळाचं तेल, बाळाची पावडर, बाळाचा साबण विकणारी कंपनी बाळाच्या मालिशीच्या अभ्यासाला पैसे देते, तेव्हा वाचकाची भुवई वर जाणारच, गेलीच पाहिजे. पण हेही खरं की त्या काळी या विषयाला सरकारी पैसा सहज मिळण्यासारखा नव्हता. मालिश म्हटलं की अमेरिकेत दोनच चित्रं उभी राहत: श्रीमंतांचे चोचले किंवा आडबाजूच्या दुकानातला लाल दिवा. त्या दोन चित्रांतून मालिश बाहेर काढून रक्तदाब, नाडी आणि लाळेतली संप्रेरकं यांच्या भाषेत आणणं हे या संस्थेचं पहिलं काम.

आणि मग कामाचा सपाटाच सुरू झाला. पुढच्या काळात शंभराहून जास्त अभ्यास. दम्याची मुलं, मधुमेहाची मुलं, भाजलेले रुग्ण, गरोदर बाया, बाळंतपणाच्या कळा, स्वमग्न मुलं, स्नायूदुखी, निद्रानाश. जो आजार दिसेल त्याला मालिश करून बघायची, असं वाटावं इतकं. हा सपाटाच पुढे संस्थेला थोडा नडला, त्याकडे येतोच. पण त्यातल्या दोन-तीन गोष्टी थांबून बघण्यासारख्या आहेत.

एक, संस्था निघाली त्याच वर्षीची. मनोविकार कक्षात दाखल असलेली 52 मुलं आणि किशोरवयीन. कुणाला नैराश्य, कुणाला परिस्थितीशी जुळवून घेता न येण्याचा त्रास. काहींना रोज अर्धा तास पाठीला मालिश, पाच दिवस. बाकीच्यांना तेवढाच वेळ मन शांत करणारी चित्रफीत. मालिश झालेल्या मुलांची चिंता उतरली, रात्रीची झोप वाढली. कक्षातल्या नर्सनीही ही मुलं निवळल्याचं नोंदवलं. पाठीवर हात फिरवला की रडणारं पोर शांत होतं, हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही. पण कक्षाच्या दिनक्रमात अर्धा तास राखून ठेवायला प्रशासन राजी व्हावं, यासाठी मात्र लागतं.

दुसरी मला जास्त आवडलेली. आपली समजूत अशी की मालिश झाली की माणूस सुस्तावतो, डोळे मिटतात, ऑफिसच्या वेळेत हे काही कामाचं नाही. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 26 जणांना कपड्यांवरूनच, खुर्चीत बसवून पंधरा मिनिटं मालिश दिली, आठवड्यातून दोनदा, पाच आठवडे. आधी आणि नंतर गणितं सोडवायला दिली. मालिशीनंतर गणितं लवकर सुटली आणि चुकाही कमी झाल्या. मेंदूच्या आलेखात दिसली ती सुस्ती नव्हे, सावधपणा. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ नुसतं खुर्चीत आराम करायला सांगितलं होतं, त्यांना हा फायदा मिळाला नाही. सलूनमधली दाढीनंतरची चंपी आठवा. खुर्चीतून उठताना माणूस पेंगत नाही, तरतरीत होऊन आरशात बघतो.

तिसरी दम्याच्या मुलांची. 32 मुलं होती. त्यांच्यातल्या निम्म्यांना आईवडिलांनीच रात्री झोपण्यापूर्वी वीस मिनिटं मालिश करायची, महिनाभर. लहान मुलांच्या श्वासाच्या जोरात चांगली सुधारणा झाली. मोठ्यांच्यात फारशी नाही. संस्थेनं तेही जसंच्या तसं मांडलं. पण तिथे एक आडवळणाची नोंद आहे: आईवडिलांचीही चिंता कमी झाली. दम्याच्या मुलाच्या घरात रात्र कशी असते ते ज्यांना माहीत आहे त्यांना या ओळीचं मोल कळेल. हाताला काही करायला मिळालं, एवढ्यानंही त्या रात्री हलक्या झाल्या असतील.

नव्वदीच्या दशकातली अमेरिका स्पर्शाला घाबरणारी होती. लैंगिक छळाचे खटले, शाळांवरचे दावे, यामुळे शिक्षकांनी मुलांना जवळ घेऊ नये असे नियम शाळाशाळांत होऊ लागले होते. फील्डनं या वातावरणावर बोलायचं ठरवलं आणि तिचा मार्ग नेहमीचाच, मोजायचं. मायामी आणि पॅरिस इथल्या मॅकडोनाल्डमध्ये बसून 40 किशोरवयीन मुलामुलींचं निरीक्षण केलं. पॅरिसची मुलं एकमेकांना टेकत, मिठी मारत, पाठीवर हात ठेवत. मायामीची मुलं एकमेकांऐवजी स्वतःलाच हात लावत बसत, केस पिळत, बोटातली अंगठी फिरवत, बोटं मोडत. त्यांचं एकमेकांशी बोलणं-वागणंही जास्त आक्रमक. 40 मुलांवरून दोन देशांबद्दल बोलणं धाडसाचं आहे आणि त्यातून ‘स्पर्श कमी म्हणून हिंसा जास्त’ असं कुणी काढलं तर ते मला पटत नाही. पण बोटं मोडणाऱ्या त्या मुलांचं चित्र डोक्यातून जात नाही, हे कबूल.

आता या सगळ्या वाटचालीतली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट. तिची बातमी फारशी झाली नाही.

मालिशीवर फील्डच्या आधीही काही जणांनी प्रयोग केले होते आणि त्यातले बरेच फसले होते. अपुऱ्या दिवसांचं बाळ इतकं नाजूक, म्हणून संशोधक त्याला अगदी पिसासारखा हात लावत. बाळ वैतागायचं, अंग चोरायचं, वजन काही वाढत नसे. कारण तसा हात म्हणजे गुदगुल्या. कातडी किंचित दबेल, हाताखालचं मांस हलकं सरकेल इतका दाब दिला तेव्हाच बाळ सैल पडलं. पुढे 2004 मध्ये संस्थेनं हेच मोठ्या माणसांवर पडताळून पाहिलं. 36 जण, तीन गट. एकाला मध्यम दाबाची मालिश, दुसऱ्याला अगदी हलकी, तिसऱ्याला कंप देणारं यंत्र. मध्यम दाबाच्या गटात नाडी मंदावली, ताण सर्वांत जास्त उतरला, मेंदूचा आलेख विसाव्याकडे झुकला. हलक्या हाताच्या गटात नाडी उलट वाढली. यंत्रालाही मध्यम हाताची सर आली नाही.

इथे मला आमच्या घरी येणाऱ्या मालिशवाल्या मावशी आठवतात. पाटावर बसायच्या, दोन्ही पाय लांब पसरायच्या, बांगड्या कोपराकडे सारायच्या. तेलाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेली. आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायच्या, मग बाळाला नडग्यांवर पालथं घालायच्या. घरातली नवी आई घाबरत घाबरत, बोटांच्या टोकांनी तेल लावू लागली की म्हणायच्या, “अगं, त्याला गुदगुल्या नको करूस. हात भरून लाव.” हात भरून म्हणजे पूर्ण तळवा टेकवून, वजन देऊन, पण रगडून नव्हे. मायामीला जे ‘मध्यम दाब’ या नावानं सापडलं, ते हेच. मावशींना ते ठाऊक होतं म्हणून संशोधन फुकट ठरत नाही. मावशींना ते ठाऊक होतं, पण त्यांच्या शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या मावशी बाळाला चांगलं रगडायच्या आणि दोघींपैकी बरोबर कोण, हे सांगायला आपल्याकडे कुणी नव्हतं.

दाबानं नेमकं काय होतं? कातडीखाली दाब ओळखणारे संवेदक असतात. तिथून निघालेला निरोप मेंदूत जातो आणि व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूचं काम वाढतं. हा तंतू मेंदूतून निघून हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी अशी सगळीकडे फिरतो. तो जागा झाला की हृदय संथ होतं आणि पोटाला चालना मिळते. 2005 मध्ये संस्थेनं बाळांच्या बाबतीत ही साखळी तपासली: मालिशीनंतर व्हेगसचं काम वाढलं, जठराची हालचाल वाढली, आणि ज्यांच्यात ती जास्त वाढली त्यांचं वजनही जास्त वाढलं. नंतर इन्सुलिन आणि त्याच्यासारखं वाढीला मदत करणारं आणखी एक द्रव्यही मालिश झालेल्या बाळांत वाढलेलं दिसलं. दूध तेवढंच घेऊन वजन जास्त कसं, या 1986 च्या कोड्याला वीसेक वर्षांनी बऱ्यापैकी उत्तर मिळालं. अंगाला लागणं म्हणतो ना आपण, ते अक्षरशः.

आता संस्थेची दुसरी बाजू. 2005 मध्येच फील्ड आणि सहकाऱ्यांनी आपल्या अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन लिहिलं की मालिशीनं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सरासरी 31 टक्क्यांनी उतरतं आणि मन प्रसन्न ठेवणारी सेरोटोनिन, डोपामाइन ही द्रव्यं 28 ते 31 टक्क्यांनी वाढतात. हे आकडे जगभर पसरले. आजही स्पाच्या माहितीपत्रकात ते सापडतील. पण ख्रिस्तोफर मॉयर या संशोधकानं सहकाऱ्यांसह हाच हिशेब सांख्यिकीच्या काटेकोर रीतीनं पुन्हा मांडला आणि 2011 मध्ये दाखवून दिलं की कॉर्टिसॉलवरचा परिणाम जवळजवळ नाहीच म्हणण्याइतका लहान आहे. मालिश न झालेल्या गटाशी नीट तुलना केली की 31 टक्क्यांचा डोलारा उतरतो. अनेक अभ्यासांत वीस-तीस माणसं, एकाच वेळी दहा-पंधरा गोष्टी मोजलेल्या. त्यातली एखादी तरी चांगली निघणारच.

पण गंमत पुढे आहे. याच मॉयरनं 2004 मध्ये 37 अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की मालिशीचा एकच प्रयोग केला तरी त्या वेळची चिंता, रक्तदाब आणि नाडी उतरते. आणि मालिश अनेक दिवस नियमानं घेतली तर स्वभावात मुरलेली चिंता आणि नैराश्य यांवर होणारा परिणाम मानसोपचाराच्या तोडीचा असतो. म्हणजे सगळ्यांत कडक टीकाकारानंच मनाच्या बाबतीत सगळ्यांत मोठी शिफारस केली. परिणाम खरा, कारण म्हणून सांगितलेलं संप्रेरक चुकीचं. नवजात बाळांच्या बाबतीतही कॉक्रेन या संस्थेच्या 2004 च्या आढाव्यात मालिशीमुळे दिवसाला सुमारे 5 ग्रॅम जास्त वाढ आणि साडेचार दिवस लवकर घरी जाणं दिसलं. पण बाळाला घरी कधी सोडायचं हे ठरवणाऱ्यांना कुणाला मालिश झाली ते माहीत असू शकतं, ही शंकाही त्यांनी तिथेच नोंदवली. 47 टक्क्यांपेक्षा ‘दिवसाला 5 ग्रॅम’ हे ऐकायला फिकं वाटतं. मला तेच जास्त विश्वासाचं वाटतं.

मायामीबाहेर लोकांनी जे मोजलं त्यातलं दोनच सांगतो. सिअ‍ॅटलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या 401 जणांवर झालेल्या, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला एक अशा दहा मालिशींनी दुखणं आणि अडून राहिलेली कामं यांत चांगला फरक पडला. तो सहा महिने टिकला, वर्षाअखेर बराच ओसरला. खास तंत्राची मालिश आणि साधी आरामाची मालिश यांत फारसा फरक निघाला नाही, हे महागड्या तंत्रांच्या जाहिराती वाचताना लक्षात ठेवावं. दुसरा कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा, 2012 चा. दमवणाऱ्या व्यायामानंतर एका पायाला मालिश केली, दुसऱ्याला नाही, आणि दोन्ही मांड्यांतल्या स्नायूंचे नमुने काढले. मालिश झालेल्या स्नायूत दाह कमी. पण ‘मालिशीनं लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं’ हे व्यायामशाळेतलं लाडकं वाक्य खोटं निघालं. त्यावर काहीच परिणाम नव्हता.

तेलाचं काय, हा प्रश्न आपल्याकडे आधी विचारला जातो, मायामीत तो 1996 मध्ये आला. तेल लावून आणि न लावता केलेल्या मालिशीची तुलना करून तेल लावलेली बरी, असा निष्कर्ष संस्थेनं काढला. हे वाचून कोणत्याही आजीनं पदराआड हसावं. पण कोणतं तेल, याचा शोध आपल्याच भागात लागला. दिल्लीत सहा आठवड्यांच्या 125 बाळांवर चार आठवडे प्रयोग झाला, त्यात तिळाचं तेल सरस ठरलं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी खोबरेल तेल, खनिज तेल आणि नुसती पावडर यांची तुलना केली. दिवसातून चार वेळा मालिश. इस्पितळात असेपर्यंत शिकवून तयार केलेल्या माणसानं, घरी गेल्यावर आईनं. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन खोबरेल तेलानं जास्त वेगानं वाढलं. बाजारातली बहुतेक बेबी ऑइल्स म्हणजे खनिज तेलच, सुगंध घातलेलं. जिच्या पैशानं मायामीची संस्था उभी राहिली त्या कंपनीच्या मालावर शीवच्या खोबरेलानं मात केली, असं म्हणायचा मोह होतो. पण तेलाच्या अभ्यासामागे पैसा कुणाचा, हा प्रश्न अमेरिकेत विचारायचा तसा आपल्याकडेही विचारायचा, एवढं पथ्य मी पाळतो.

आपल्या परंपरेचं एक ऋण अमेरिका-युरोपवर आहे, ते इथे नोंदवायला हवं. फ्रेडरिक लबॉये या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञानं कोलकात्यात रस्त्याकडेला बसून बाळाला मालिश करणाऱ्या एका बाईला पाहिलं, तिची छायाचित्रं काढली आणि 1976 मध्ये ‘शांतला’ नावाचं पुस्तक केलं. युरोपातल्या आयांच्या हाती बाळाची मालिश आली ती बरीचशी या पुस्तकातून. पण ऋण आहे म्हणून आपलं सगळंच बरोबर असं नाही. नाका-कानात तेल सोडणं, बाळाच्या स्तनाग्रांतून दूध काढायला पिळणं, नाक लांब व्हावं म्हणून चिमटणं, हातपाय उलटसुलट ओढणं, कोंडलेल्या खोलीत धुरी देणं. बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं ‘नको’ म्हणत आलेल्या या गोष्टी अजून घराघरांत चालतात. काचपेटीत हात घालताना त्या बाळाला काय सोसेल याचा जितका विचार मायामीत झाला, तितका मोरीतल्या पाटावर होत नाही.

संस्थेच्या कामातला मला सर्वांत लोभस वाटणारा अभ्यास 1998 चा. निवृत्त, वयस्क अशा दहा स्वयंसेवकांना बाळांना मालिश करायला शिकवलं. तीन आठवडे त्यांनी बाळांना मालिश दिली आणि तीन आठवडे स्वतः घेतली. दोन्हींनी त्यांचं मन सुधारलं, पण घेण्यापेक्षा देण्यानं जास्त. डॉक्टरकडे चकरा कमी झाल्या, लोकांत मिसळणं वाढलं. दहाच माणसं, त्यामुळे यावर फार काही बांधता येणार नाही. तरी एवढं म्हणेन की घरात बाळ आहे, आजोबा दिवसभर टीव्हीसमोर आहेत आणि मालिशीला बाहेरून माणूस येतो, असं चित्र असेल तर वाटी आजोबांच्या हातात द्यायला हरकत नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये, अमेरिका दारं लावून बसली होती तेव्हा, फील्डनं 260 जणांची पाहणी केली. निम्म्याहून जास्त लोकांनी कुणाचा हात न लागल्याची उणीव जाणवते असं सांगितलं. अठ्ठावीस वर्षं संस्था जे सांगत होती, ते त्या महिन्यात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आता कामाचं. घरी मालिश करायची असेल तर ताप असताना, हाड मोडलेलं असताना, कातडीला जखम किंवा संसर्ग असताना करू नका. एक पाय अचानक सुजून दुखू लागला असेल तर तो अजिबात चोळू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आत रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील तर जोराचा दाब नको. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर डॉक्टर हो म्हणाल्यावरच सुरुवात करा आणि पहिले दोन दिवस नर्सकडून हात शिकून घ्या. अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा, हात धुवून गरम करा, तेल आधी मनगटावर बघा. दूध पाजल्या पाजल्या नको. हात भरून लावा, पंधरा मिनिटं पुरेत. आणि आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच काट्यावर बाळाचं वजन करून तारखेसकट वहीत लिहून ठेवा.